धागा: सोलापुरात राहून पर्जन्यवनाच्या संशोधनात करिअर? भूगोलातून वाट आहे का?

सातरस्ता | ९ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझी भाची इथल्याच एका कॉलेजात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. मागच्या वर्षी कॉलेजची सहल आंबोलीला गेली होती. तिथून आल्यापासून तिने एकच धरलंय, मला सदाहरित जंगलांवर संशोधन करायचं, एमएस्सी आणि पुढे पीएचडी त्यातच करायची.

मेहुण्यांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. त्यांचं म्हणणं, बी.एड. कर, शाळेत लाग, सोलापुरातच राहा. माणूस वाईट नाही, काळजीनेच बोलतोय. मला भाचीची बाजू घ्यायचीये, पण माझा धंदा इलेक्ट्रिकल सामानाचा, या विषयातलं काही कळत नाही.

प्रश्न असे: हे काम वनस्पतीशास्त्रवाल्यांचं की भूगोलवाल्यांनाही जागा आहे? पैसे मिळतात का, आणि कधीपासून? आपल्याकडे पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, जंगल म्हणजे सिद्धेश्वर वनविहार. इथली पोरगी तिकडे टिकेल का? कोणी या क्षेत्रात असेल तर सविस्तर लिहा, मी तिला सगळं वाचून दाखवणार आहे.

भूगोलमास्तर | ९ जून, रात्री १०.२५

आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून लिहितोय. आपल्याकडे पावसाळ्यात घराघरात एकच चौकशी असते, दौंडचा विसर्ग किती, म्हणजे भीमेतून उजनी धरणात पाणी किती येतंय? उजनी सोलापूरच्या पावसावर भरत नाही. भीमाशंकरपासून मुळा-मुठेच्या खोऱ्यापर्यंत घाटात जे पडतं त्यावर ती भरते. ११७ टीएमसीचं धरण, आणि त्याचा जीव सगळा घाटमाथ्यावर. तेव्हा घाटातल्या जंगलाचा सोलापूरकराशी संबंध काय, हा प्रश्नच उरत नाही. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपला, की नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, हे पोरीने लहानपणापासून पाहिलेलं आहे. पाठवा तिला.

सदाहरित | १० जून, सकाळी ६.५०

दादा, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. माझं माहेर विजापूर रोडला. भूगोलात एम.ए., मग पीएचडी, आणि गेली बरीच वर्षं पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलात पाण्यावर काम करते. जरा लांबेल, पण तिला वाचून दाखवणार म्हणालात म्हणून नीट लिहिते.

आधी पहिला प्रश्न. पर्जन्यवन म्हटलं की झाडं, बेडूक, ऑर्किड एवढंच लोकांच्या डोळ्यासमोर येतं. ते काम जीवशास्त्रवाल्यांचं, आणि मोठं आहे. पण जंगल तिथेच का आहे, दहा किलोमीटर पुढे का नाही, पडलेलं पाणी जातं कुठे, तोडल्यावर माती किती वाहते, ढग किती लांब जातो, हे सगळे प्रश्न भूगोलाचे. मलेशियाच्या सबा राज्यात दानुम खोरं आहे. तिथे १९८६ मध्ये संशोधन केंद्र उभं राहिलं आणि भूगोलाच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं ओढ्यांतला गाळ मोजला. लाकूडतोड झाली की गाळ वाढणार हे कोणीही सांगेल. त्यांनी दाखवलं की त्यातला मोठा वाटा लाकूड न्यायला काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून येतो, आणि वर्षभराच्या गाळातला बराचसा मोजक्या दोन-चार मोठ्या पावसांत वाहून जातो. हे समजलं की रस्ता कुठून काढायचा आणि कुठे अजिबात नाही, हे ठरवता येतं.

आता मी प्रत्यक्षात काय करते ते. जंगलावर पडलेला सगळा पाऊस जमिनीवर पोचत नाही. काही पानांवरच राहतो आणि तिथूनच वाफ होऊन जातो, काही पानांवरून गळतो, काही बुंध्यावरून ओघळत खाली येतो. तिन्हीचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. गळणाऱ्या पाण्यासाठी झाडांखाली पत्र्याच्या लांब पन्हळी तिरक्या बसवतो, खालच्या टोकाला कॅन. बुंध्यासाठी रबरी नळी उभी चिरून झाडाला वळसे देत गुंडाळायची, फटी सीलंटने बुजवायच्या, खाली दुसरा कॅन. रोज सकाळी साडेआठला मोजमाप, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठलाच बदलतो आणि आपले आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळायला हवेत. जुलैत पन्हळीच्या जाळीवर पानं साचतात, ती दिवसातून दोनदा काढली नाहीत तर पाणी काठावरून सांडतं आणि त्या दिवसाचा आकडा गेला. काम असं आहे. चिखलात उभं राहून मोजायचं, वहीत लिहायचं, आणि संध्याकाळी तेच कॉम्प्युटरवर चढवायचं.

आणि सोलापूरची पोरगी टिकेल का? अहो, पर्जन्यवनाच्या अभ्यासात सगळ्यात मोठा प्रश्न पावसाचा नाहीच, कोरड्या महिन्यांचा आहे. पनामात बारो कोलोरॅडो नावाचं बेट आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गातून नावाचा तलाव झाला आणि एका टेकडीचं बेट झालं. तिथे वर्षाला २६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या आंबोलीला सात हजारांच्या आसपास. म्हणजे आंबोलीचं जंगल जास्त घनदाट आणि जास्त जातींचं असायला हवं ना? तसं नाही. बारो कोलोरॅडोला कोरडे महिने चार, आंबोलीला सहा-सात. घाटात दक्षिणेकडून उत्तरेकडे या. केरळच्या टोकाला दोन-तीन महिने कोरडे, कोडगूत चार-पाच, आपल्याकडे त्याहून जास्त. पाऊस कमी होत नाही, पण कोरडा काळ लांबतो आणि सदाहरित झाडांच्या एकेक जाती मागे राहत जातात. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने पश्चिम घाटाचे जे वनस्पती-नकाशे काढले त्यात हे स्वच्छ दिसतं. किती पडलं यापेक्षा किती दिवस नाही पडलं, हा प्रश्न ज्याला आपसूक सुचतो तो माणूस या कामाला हवाच. सोलापूरच्या पोरीला तो शिकवावा लागत नाही.

पैशांचं आणि अभ्यासक्रमाचं रात्री लिहिते. आता फील्डला निघायचंय.

नान्नजकर | १० जून, दुपारी १.१५

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण मनात आहे ते बोलतो.

मी नान्नजच्या माळावर वाढलो. १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे आमच्याकडे. आज माळढोक दिसणं मुश्कील. काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे, पण माळ रोज आक्रसतोय. सरकारी कागदावर गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन. मग तिथे कोणी चर खोदतं, कोणी गिरिपुष्प लावतं, कोणी सोलर टाकतं. आणि सोलापूरची हुशार पोरं-पोरी सगळी हिरव्या जंगलाकडे धावणार. माळावर पीएचडी करायला कोण येणार? या पोरीला घरापासून पंचवीस किलोमीटरवर संशोधनाचा विषय आहे की. आंबोली, ॲमेझॉन कशाला पाहिजे?

सातरस्ता | १० जून, दुपारी ३.००

नान्नजकर, हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मामा, हे खरंय. मग गप्पच बसली.

सदाहरित | १० जून, रात्री १०.३०

नान्नजकर, तुम्ही लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. माळाला पडीक म्हणणं ही आपल्याकडची फार जुनी आणि फार महागात पडलेली समजूत आहे.

पण एक सांगते. झाडं लावली की जंगल होत नाही, हे मला जंगलात राहून कळलं. सदाहरित जंगलात ओल, सावली, बुरशी, बिया नेणारे धनेश आणि वटवाघळं, सगळं एकमेकांवर अवलंबून असतं. नुसती रोपं रोवून ते होत नाही. हे एकदा हाताने मोजलेलं असलं की माळावर गिरिपुष्पाच्या रांगा पाहिल्यावर तुम्ही आकड्यांनिशी बोलू शकता, की इथे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस आहे, गवत त्यावर उभं आहे, त्याची मुळं माती धरून आहेत, तुमचं हे झाड इथे काय करणार आहे? पाण्याचा हिशोब शिकलेला माणूस दोन्हीकडे कामाला येतो. तिने एमएस्सीचा प्रकल्प नान्नजच्या माळावर करावा आणि पीएचडी घाटात, हे मला उत्तम वाटतं. उलटंही चालेल.

रेगूर | ११ जून, सकाळी ७.२०

शेतकरी आहे, मंगळवेढ्याचा. ज्वारीची जमीन, काळीभोर. एक शंका. एवढं दाट जंगल उभं आहे म्हणजे खालची जमीन आमच्यापेक्षा भारी असणार ना?

सदाहरित | ११ जून, सकाळी ८.०५

काका, बरोब्बर उलटं आहे. पर्जन्यवनाखालची माती बहुतेक ठिकाणी तुमच्या काळ्या रानापुढे गरीब. हजारो वर्षांच्या पावसाने तिच्यातलं सत्त्व धुऊन नेलेलं असतं. जे काही अन्नद्रव्य आहे ते झाडांतच. पान पडलं, कुजलं, बुरशीने धरलं, मुळाने परत वर ओढलं, जमिनीत शिल्लक फारशी राहतच नाही. म्हणून जंगल जाळून शेती केली की दोन-चार हंगाम पीक येतं आणि मग रान बसतं. मंगळवेढ्याची जमीन ओल धरून मालदांडी पिकवते, तसं तिथे होत नाही.

आणखी एक, तुम्हाला आवडेल. ॲमेझॉनला दरवर्षी थोडा फॉस्फरस मिळतो तो आफ्रिकेतल्या सहारातून उडून आलेल्या धुळीतून. चाड देशात बोडेले नावाचा आटलेल्या तळ्याचा खोलगट भाग आहे, तिथली धूळ अटलांटिक ओलांडून जाते. उपग्रहाच्या मोजणीवरून हा फॉस्फरस वर्षाला सुमारे २२ हजार टन भरतो, जवळपास तेवढाच जो पावसाने धुऊन जातो. जगातल्या सगळ्यात मोठ्या पर्जन्यवनाला वाळवंट खत घालतंय.

रेगूर | ११ जून, सकाळी ८.३०

हे आजच पोरांना सांगतो.

तासिकातत्त्व | ११ जून, दुपारी ४.४५

सातरस्ता, दुसरी बाजूही तुमच्यासमोर असावी म्हणून लिहितो. मीही भूगोलात पीएचडी आहे. आठ-नऊ वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतोय. तासाप्रमाणे मानधन, तेही सहा-सहा महिने उशिरा. उन्हाळ्यात काहीच नाही. एका संस्थेत मुलाखत उत्तम झाली आणि नंतर बाहेर बोलावून किती देणार असं विचारलं गेलं. मी उठून आलो. त्या रात्री झोप लागली नाही. अशा माणसाने कोणाला या क्षेत्रात ये म्हणावं का, हा प्रश्न मला रोज पडतो.

तरीही नको म्हणणार नाही. फक्त डोळे उघडे ठेवून यावं. सीनियर कॉलेजची प्राध्यापकी हाच एकमेव मुक्काम धरून आलात तर फार सोसावं लागतं. एम.ए. किंवा एमएस्सी संपायच्या आत नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा, द्यायला सुरुवात करावी, जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, वर घरभाडं. एकूण पाच वर्षांपर्यंत. सोलापुरातल्या घराला हा आकडा कमी नाही. मेहुण्यांना हे जरूर सांगा. जेआरएफ नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, ज्या प्रवर्गात बसत असेल त्याप्रमाणे. परदेशी जायचं असेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी नीट वाचून घ्या.

बार्शीकर | ११ जून, रात्री ९.१०

तासिकातत्त्व सर, तुमचं वाचून वाईट वाटलं. मी तुमच्यासारखाच भूगोलवाला, पण पीएचडीच्या वाटेला न जाता जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या कामात शिरलो. आज पुण्यात पाणलोट आणि वनआच्छादनाच्या नकाशांचं काम करतो.

भाचीला सांगा, आजपासून क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिक. फुकट आहे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं २००८ पासून सगळ्यांना मोफत आहेत आणि संग्रह १९७२ पर्यंत मागे जातो. डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) संस्थेचे ऑनलाइन कोर्स विद्यार्थ्यांना विनामूल्य करता येतात, प्रमाणपत्रही मिळतं. ब्राझीलची अंतराळ संस्था १९८८ पासून दरवर्षी उपग्रहावरून ॲमेझॉनची जंगलतोड मोजते. त्या एका आकड्यावर तिकडे सरकारांना उत्तरं द्यावी लागतात. नकाशाची ताकद ती.

पण जंगलात न जाता नुसत्या पडद्यावर काम करणाऱ्यांबद्दल एक सांगायचंय. आपल्या देशात वनआच्छादन मोजताना एक हेक्टर जमिनीवर झाडांच्या शेंड्यांनी १० टक्के जागा व्यापली असेल तर ते आच्छादन धरलं जातं. मालकी कोणाची, झाड कोणतं, हे बघितलं जात नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे जुनं जंगल काढून रबर लावलं, तरी वरून ते हिरवंच. आकडा तसाच राहतो आणि जंगल गेलेलं असतं. हा फरक पकडायचा तर रबर फेब्रुवारीच्या आसपास पानं टाकतं आणि सदाहरित झाडं तशी एकदम टाकत नाहीत, हे माहीत असायला लागतं. ते कळतं जमिनीवर फिरल्यावरच. म्हणून पडदा आणि पाय दोन्ही लागतात. आणि पावसाळ्यात घाटावर चार महिने ढग, साधी चित्रं कामाची नाहीत, त्यामुळे ढगांतूनही जमीन टिपणारी रडारची चित्रं वाचायलाही शिकावं लागेल.

सातरस्ता | १२ जून, रात्री ८.५०

सगळं वाचून दाखवलं. काल मेहुणेही येऊन बसले. ३७ हजार ऐकल्यावर त्यांनी परत विचारलं, हे विद्यार्थी असताना? मी म्हटलं, हो.

आता त्यांचे प्रश्न. मुलगी जंगलात एकटी असते का? आजारपणाचं काय? आणि भाचीचा प्रश्न: वनस्पतीशास्त्र नसल्यामुळे झाडं ओळखता येत नाहीत, ते कसं जमवायचं? आणि नक्की कुठे अर्ज करायचा?

सदाहरित | १३ जून, सकाळी ६.१५

एकटी कधीच नसते. अभयारण्यात संशोधनासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, त्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. बरोबर गावातला एक तरी माणूस असतो आणि वनरक्षकाला माहिती असते. परवानगीला महिने लागतात, पीएचडीच्या वेळापत्रकात ते धरूनच चालावं. मुलींच्या बाबतीत राहण्याची जागा, संडास-बाथरूम आणि फोनची रेंज या तीन गोष्टी मार्गदर्शकाला आधी स्पष्ट विचाराव्यात. जो मार्गदर्शक हे प्रश्न ऐकून कपाळाला आठ्या घालतो त्याच्याकडे जाऊ नये. हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला सांगते.

जळवांना लोक फार घाबरतात. त्या त्रास देतात, पण आजार देत नाहीत. जपायचं ते गोचिडांपासून. सिंधुदुर्गात आणि कर्नाटकात माकडताप आहे, डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आल्यावर अंगाची तपासणी आणि गरम पाण्याने आंघोळ, ताप आला तर डॉक्टरांना आपण जंगलात होतो हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

झाडं ओळखण्याचं म्हणाल तर माझे पहिले गुरू दोडामार्ग तालुक्यातल्या एका गावचे काका. त्यांच्या गावाजवळ देवराईत रानजायफळाची दलदल आहे, बारमाही पाण्यात उभी असलेली झाडं, मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली. काका नखाने सालीला इवलासा ओरखडा काढायचे. लाल रस आला की जायफळाच्या कुळातलं. पांढरा चीक आला तर फणस-वडाकडचं असावं, मग पान चुरगळून वास घ्यायचा. पाना-फुलांची पुस्तकं मी नंतर वाचली. उंच झाडाचं फूल तीस मीटरवर असतं, ते कोण बघतं? साल, चीक, वास आणि खाली पडलेलं फळ यांवर काम चालतं. एक-दोन हंगामांत शंभरेक जाती हातात बसतात. भूगोलवाल्याला तेवढं येत असलं की उरलेलं वनस्पतीशास्त्राच्या सहकाऱ्याकडून होतं. या क्षेत्रात एकट्याने कोणीच काही करत नाही. बारो कोलोरॅडोवर ५० हेक्टरांत एक सेंटीमीटरपेक्षा जाड प्रत्येक खोड मोजून नंबर दिलेलं आहे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून साधारण दर पाच वर्षांनी फेरमोजणी. छातीच्या उंचीला, म्हणजे १.३ मीटरवर टेप लावायची. तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलातही १९८८ पासून तसाच ५० हेक्टरांचा पट्टा आहे, बेंगळुरूच्या आयआयएस्सीचा, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेचा. असल्या कामाला एका माणसाचं आयुष्य पुरत नाही, एक पिढी टेप दुसरीच्या हातात देते.

अर्जाबद्दल. एमएस्सी भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र, आपल्या सोलापूर विद्यापीठात किंवा पुण्यात, दोन्हीकडे चालेल. नाव कॉलेजचं नसतं, प्रकल्प काय केला ते विचारतात. पुढे पीएचडीसाठी आयआयएस्सीचं परिस्थितिकी केंद्र, बेंगळुरूचीच एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. पाँडिचेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट आणि म्हैसूरचं नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन यांच्याकडे प्रकल्पावर सहायक म्हणून काम मिळतं का ते बघावं. फाउंडेशनची मंडळी तामिळनाडूत वालपराईला चहामळ्यांमधल्या जंगलाच्या तुकड्यांत पुन्हा स्थानिक झाडं लावतात. मी तर म्हणेन, एमएस्सीनंतर एक वर्ष कोणाच्या तरी प्रकल्पावर सहायक म्हणून काढ. पगार कमी असतो, पण हे आयुष्य आपल्याला मानवतंय का ते एका पावसाळ्यात कळतं. मगच पाच वर्षं त्यात घाल.

नान्नजकर | १३ जून, सकाळी ९.४०

ताई, पटलं. सातरस्ता, पोरीला माळावर यायचं असेल तेव्हा कळवा. गवत पाऊस पडल्यावर पंधरा-वीस दिवसांत उभं राहतं, ते बघायला यावं. आमच्या घरी जेवून जा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

सातरस्ता | १३ जून, रात्री ९.३०

नक्की येतो, तिला घेऊनच येतो.

ठरलंय असं: बी.एड. सध्या बाजूला. एमएस्सी इथेच, क्यूजीआयएस उद्यापासून. मेहुण्यांनी अजून पूर्ण हो म्हटलेलं नाही, पण आज दुपारी स्वतः विचारत होते की हे पावसाचं मोजमाप तिला घरी सुरू करता येईल का. सदाहरित ताई, येईल का?

सदाहरित | १३ जून, रात्री १०.१५

येईल की! कारखान्यात रंगाचे रिकामे डबे असतील, एकाच मापाचे सात-आठ घ्या, स्वच्छ धुवा, तोंड गोल आणि कडा सरळ हव्यात. एक गच्चीवर, पॅरापेटपासून लांब, जिथे काहीच आडवं येत नाही. बाकीचे कडुनिंबाखाली, बुंध्यापासून वेगवेगळ्या अंतरावर, खाली विटांनी टेकू दिलेले. सकाळी साडेआठला मापी नळीने पाणी मोजायचं. तोंडाचा व्यास २० सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर येतं, म्हणजे डब्यात ३१४ मिलिलिटर पाणी सापडलं की पाऊस झाला १० मिलिमीटर. गच्चीचा आकडा आणि झाडाखालची सरासरी यांतला फरक म्हणजे पानांनी अडवलेलं पाणी, बुंध्यावरून ओघळलेलं थोडं वगळून. रिमझिम असेल तेव्हा फरक मोठा येईल, वळिवात कमी. का ते तिने स्वतः शोधावं. वहीत तारीख, वेळ आणि वारा कुठून होता तेही लिहायचं. एक दिवसही चुकवू नको म्हणावं. पाऊस नसेल तेव्हा शून्य लिहायचं, जागा रिकामी सोडायची नाही. दिवाळीत माहेरी येणार आहे, तेव्हा वही बघते.